चाळकेवाडीच्या पवनचक्क्या आणि फिका पडणारा सरडा : नेमकं काय घडतंय?

साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या सड्यावर उन्हाळ्यात एक छोटासा, मातकट सरडा तापलेल्या दगडावर चढतो. मान उंचावतो आणि गळ्याखालची कातडी पंख्यासारखी उघडतो. निळा, काळा आणि केशरी रंग क्षणभर झळकतात, मग पंखा मिटतो. सड्यावर पवनचक्क्या असलेल्या भागात मात्र हे रंग फिके आढळले आहेत. असं का?

हा सरडा कोणता?

याचं शास्त्रीय नाव 'सारडा सुपर्बा'. २०१६ मध्ये संशोधकांनी ही नवी प्रजाती म्हणून नोंदवली. यातलं 'सारडा' हे नाव आपल्या मराठी 'सरडा' या शब्दावरूनच घेतलं आहे.

रंगीत पंखा कशासाठी?

हा पंखा नराकडे असतो. विणीच्या हंगामात मादीला आकर्षित करण्यासाठी आणि दुसऱ्या नराला इशारा देण्यासाठी तो पंखा उघडतो. एरवी पंखा मिटलेला असतो आणि मातकट अंग खडकात मिसळून जातं.

पवनचक्क्यांचा संबंध काय?

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी चाळकेवाडीत पवनचक्क्या असलेल्या आणि नसलेल्या भागांची तुलना केली. हा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपट कमी होते. कापशी घारीसारखे पक्षी कमी झाल्याने सरडे वाढले.

मग सरड्यांचा फायदाच झाला ना?

वरवर पाहता, हो. त्यांच्या शरीरात तणावाच्या संप्रेरकाचं प्रमाण कमी होतं आणि माणूस बराच जवळ येईपर्यंत ते पळत नव्हते. पण सरडे वाढले की खाण्यासाठी स्पर्धाही वाढते. हे सरडे अंगाने खंगलेले होते आणि नरांच्या गळ्याचे रंगही कमी गडद होते. म्हणजे पवनचक्कीने सरड्याला थेट धक्का लावला नाही. तिने त्याचा शत्रू दूर केला आणि अन्नसाखळीची घडी विस्कटली.

यातून काय शिकायचं?

पवनऊर्जा नकोच, असा याचा अर्थ नाही. प्रश्न जागेच्या निवडीचा आहे. झाडं नसलेला खडकाळ सडा सरकारी नोंदींत अनेकदा 'पडीक' ठरतो. पण त्याच 'पडीक' दगडावर या सरड्याचा अख्खा संसार चालतो. पुढची पवनचक्की उभारण्याआधी तिथे कोण राहतं, हे पाहणं म्हणूनच गरजेचं आहे.