समुद्र हटला, सुशीवाला राहिला

टोकियोच्या मध्यातून पूर्वेकडे निघालेली तोझाई मार्गाची मेट्रो मिनामी-सुनामाची स्थानक सोडल्यावर भुयारातून वर येते, आराकावा नदीचं रुंद पात्र ओलांडते आणि निशी-कासाईला थांबते. फलाटावर उतरलं की हिंदी, तमीळ, तेलुगू कानावर पडते आणि थोडं थांबलात तर मराठीही. 2000 सालच्या आगेमागे संगणकांच्या तारखांचा घोळ निस्तरण्यासाठी जपानी बँकांना अभियंते हवे होते. ओतेमाची, कायाबाचो इथली त्यांची कार्यालयं याच मार्गावर. परदेशी माणसाला जामीनदार न मागता घर देणाऱ्या सरकारी गृहसंकुलांच्या इमारतीही इथे होत्या. बघता बघता एदोगावा वॉर्ड हा टोकियोतल्या भारतीयांच्या सर्वांत मोठ्या वस्तीचा वॉर्ड झाला. 2019 मध्ये योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ या वॉर्डाच्या सभेवर निवडून आले, तेव्हा आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतही त्याची बातमी आली होती.

निशी-कासाईवर लिहिणारे सगळे इथपर्यंत येतात आणि इथेच थांबतात. मसाल्याची दुकानं, नवरात्रातली गर्दी, शाळेच्या बसची वाट पाहणाऱ्या भारतीय आया यांची छायाचित्रं आता सगळ्यांच्या ओळखीची आहेत. मी तिथे राहणाऱ्या माझ्या भाचीकडे गेले, तेव्हा मला ओढ लागली ती मागच्या गल्लीतल्या एका लहानशा सुशीच्या दुकानाची. भारतीय वस्ती होण्याआधीचं निशी-कासाई अजून जिथे बसून जेवतं, अशी ही जागा. मालकांनी विनंती केली, की नाव छापू नका. नव्या गिऱ्हाइकांची रांग लागली तर रोजच्या माणसांना बसायला जागा उरणार नाही. त्यांचं म्हणणं मला पटलं, म्हणून दुकानाचं नाव इथे देत नाही.

दारावर निळा कापडी पडदा. तो बाहेर टांगलेला असला की दुकान उघडं, आत घेतला की बंद. आत उजव्या हाताला लाकडी काउंटर, त्यापुढे आठेक खुर्च्या, पलीकडे चटईच्या बैठकीवर दोन बुटकी मेजं. काउंटरवर काचेची बुटकी पेटी आणि तिच्यात त्या दिवसाचे मासे. भिंतीवर लाकडी पट्ट्यांवर माशांची नावं टांगलेली. जो मासा बाजारात मिळाला नाही त्याची पट्टी सकाळीच उलटी करून ठेवतात. चहाचे पेले जाडजूड, उंच आणि त्यांच्यावर माशांची नावं दाटीवाटीनं लिहिलेली. टीव्हीवर सुमो चालू होता आणि कोपऱ्यातले एक वृद्ध गृहस्थ कुणाचं नाव न घेता एका पहिलवानावर चिडत होते.

सुशीची दुकानं म्हटली की आपल्याला हल्ली दोनच तऱ्हा ठाऊक असतात. एक फिरत्या पट्ट्याची. ही कल्पना योशिआकी शिराइशी यांची. बिअरच्या कारखान्यातला बाटल्यांचा पट्टा पाहून त्यांना ती सुचली आणि 1958 मध्ये ओसाकाजवळ त्यांनी तसं पहिलं दुकान काढलं. आज त्या धर्तीच्या साखळी-दुकानांनी जपान व्यापला आहे आणि सामान्य कुटुंबाला सुशी परवडते ती त्यांच्यामुळेच, हेही खरं. दुसरी तऱ्हा गिंझासारख्या भागातल्या नामांकित काउंटरची, जिथे महिनोन्‌महिने आधी जागा राखून ठेवावी लागते. या दोहोंच्या मध्ये गल्लीतली सुशी असते. मुलगा परीक्षेत पास झाला, आजोबांची पुण्यतिथी आली, पाहुणे अचानक टपकले, की शेजारीपाजारी हिच्याकडे धाव घेतात. तिच्यावर कुणी माहितीपट काढत नाही, आणि तीच सगळ्यांत वेगानं नाहीशी होते आहे.

इतिहास थोडक्यात सांगायचा तर, भाताच्या मुटक्यावर मासा ठेवून हातानं दाबलेली ही सुशी एदो शहराची, म्हणजे जुन्या टोकियोची. 1820च्या दशकात र्योगोकू भागातल्या हानाया योहेई यांनी ती नावारूपाला आणली असं मानतात. कष्टकऱ्यांचं गाडीवरचं खाणं ते. आजच्या नागोयाजवळच्या हांदा गावात साकेच्या चोथ्यापासून केलेलं स्वस्त, तांबूस व्हिनेगर बोटींनी एदोला येऊ लागलं, त्यामुळे ही सुशी गाडीवाल्याला परवडली. 1923च्या महाभूकंपानंतर टोकियोतले कारागीर गावोगाव पांगले आणि त्यांच्याबरोबर सुशीही देशभर गेली. महायुद्धानंतर धान्याची टंचाई इतकी, की 1947 मध्ये खानावळींवर बंदी आली. तेव्हा टोकियोच्या सुशीवाल्यांनी तोडगा काढला. गिऱ्हाइकानं एक माप तांदूळ घरून आणायचा, त्यांनी त्याच्या दहा सुश्या करून द्यायच्या आणि फक्त मजुरी घ्यायची. आजही एका माणसाच्या थाळ्यात साधारण तेवढेच नग येतात.

इथल्या मालकांना सगळी गल्ली ‘ताइशो’ म्हणते. सत्तरी ओलांडली आहे. उत्तरेकडच्या आओमोरी भागातून, शाळा सुटताच, नोकरीसाठी शेकड्यानं मुलं घेऊन येणाऱ्या खास गाडीनं ते उएनो स्थानकावर उतरले. 1960च्या दशकात अशा गाड्यांनी आलेल्या पोरांच्या जिवावरच टोकियोचे कारखाने आणि दुकानं चालली. त्यांना एका सुशीवाल्याकडे ठेवलं गेलं. पहिली काही वर्षं भांडी, सायकलवरून घरपोच डबे, मग भात, आणि मासा हातात आला तो शेवटी. 1979 मध्ये निशी-कासाई स्थानक सुरू झालं, भोवती नव्या इमारती उठू लागल्या, तेव्हा साठवलेल्या पैशांतून त्यांनी ही जागा घेतली. चहा, हिशेब आणि गिऱ्हाइकांची विचारपूस पत्नीकडे, चाकू त्यांच्याकडे. ही वाटणी अजून तशीच आहे.

दुपारची गर्दी ओसरल्यावर त्यांनी मला काउंटरच्या आत बोलावून कोहादा दाखवला. आपल्या तारलीच्या जातकुळीतला हा लहानसा मासा, चंदेरी आणि अंगावर काळ्या ठिपक्यांच्या रेघा. नुसता खायला गेलं तर काट्यांनी भरलेला आणि वासाला उग्र. बाजारातही तो स्वस्तच. तरीही सुशीवाल्याची परीक्षा कोहादावरच होते, असं टोकियोत म्हणतात. ताइशोंनी मासा पोटाकडून उघडला, काटा काढला आणि पसरून बांबूच्या चाळणीत मांडला. मग हात उंच धरून मीठ भुरभुरलं. हात खाली असेल तर मीठ एका जागी पडतं. उंचावरून पडलं की सगळ्या माशांवर सारखं बसतं.

आता खरं काम वेळेचं. मासा बारीक असेल तर मीठ थोडी मिनिटंच, चरबी जास्त असेल तर अधिक, पावसाळी हवेत निराळं, थंडीत निराळं. लोणच्याच्या फोडींना मीठ किती लागेल हे जुन्या घरातली बाई जशी डोळ्यांनी ओळखते, तसं ताइशो बोटाच्या टोकानं माशाची पाठ दाबून ओळखतात. मग मीठ धुऊन मासा व्हिनेगरमध्ये, तोही मोजक्या वेळापुरता, आणि नंतर एक-दोन रात्री थंड जागी मुरवत ठेवायचा. माझ्यापुढे आला तो परवाचा. पातळ चांदीच्या पत्र्यासारखी कातडी, तिच्यावर दोन तिरप्या चिरा, आणि चव अशी, की आधी आंबट, मग खारट, आणि भात चावता चावता मागाहून गोडसर.

सुशी म्हणजे कच्चा मासा, हा आपला समज या काउंटरवर पार पुसला गेला. एदो काळी मासे टिकवायला बर्फ नव्हता. म्हणून कुपा सोया सॉसमध्ये मुरवला जाई, कोळंबी उकडली जाई, समुद्री वाम मंद आचेवर शिजवून तिच्याच आटवलेल्या रश्शानं माखली जाई. तेव्हाची ती निकड आज चवीसाठी पाळली जाते. पिशवीबंद, कापून आलेले मासे मांडणाऱ्या दुकानांत ही कामं होत नाहीत. ताइशोंचा दिवस मात्र यांतच जातो. गिऱ्हाइकापुढे मासा दाबायला काही क्षण लागतात, त्यामागे आदला दिवस असतो.

कोहादा मोठा झाला की त्याला कोनोशिरो म्हणतात आणि त्याची एक जुनी दंतकथा ताइशोंच्या पत्नीनं सांगितली. एका गावातल्या रूपवान मुलीला तिथल्या अधिकाऱ्यानं मागणी घातली. मुलीचा जीव दुसऱ्यावर जडलेला. नकार द्यावा तर घराची धूळधाण होणार. आईबापांनी सांगितलं, मुलगी आजारात गेली. शवपेटीत हाच मासा भरून त्यांनी ती पेटवली. भाजताना या माशाचा वास चितेसारखा येतो म्हणतात. अधिकाऱ्याच्या माणसांना तो वास पटला, ते परत गेले आणि मुलगी वाचली. उत्तरेकडच्या तोचिगी भागातल्या मुरो-नो-याशिमा देवस्थानाशी ही कथा जोडलेली आहे. कवी बाशो 1689च्या आपल्या प्रवासात तिथे गेला होता आणि तिथे हा मासा खात नाहीत, याची त्यानं नोंद केली आहे. लेकीच्या बदल्यात जळलेला मासा म्हणून ताइशोंच्या पत्नीला तो जवळचा वाटतो. त्यांची स्वतःची लेक शहरात नोकरी करते, रविवारी येऊन आईला हिशेबात मदत करते. दुकान ती चालवणार नाही. तिनं ते चालवावं, असं दोघांनीही तिला कधी म्हटलेलं नाही.

ताइशोंचे हात पाहणं हे एक वेगळं सुख आहे. व्हिनेगरच्या पाण्यात बोटं टेकवली, उजव्या हातानं लाकडी घंगाळातून भात घेतला, डाव्या हातावर मासा, तर्जनीनं त्यावर वासाबीचा ठिपका, मग भात, अंगठ्याचा हलका दाब, एक पलटी, दोन दाब, संपलं. भात अंगाच्या उबेइतकाच कोमट हवा आणि आत हवा राहील इतकाच दाबलेला. उचलताना तो फुटत नाही आणि जिभेवर मात्र मोकळा होतो. माझी भाची डावखुरी आहे. तिची सुशी ते कायम उलट्या कलानं ठेवतात, म्हणजे डाव्या हाताला सरळ उचलता येते. तिनं हे कधी सांगितलं नव्हतं. पहिल्यांदा चहाचा पेला कोणत्या हातानं उचलला, ते त्यांनी पाहून ठेवलं होतं.

इथे मराठी गिऱ्हाइकं येतात, पण तुरळक. या भागात कित्येक वर्षं राहूनही या पडद्यापलीकडे न गेलेली घरं मला भेटली. भाषेची भीती, भिंतीवरच्या पट्ट्या वाचता येत नाहीत, आणि शाकाहारी मंडळींना वाटतं, आपल्याला तिथे काय मिळणार. मला याची फार हळहळ वाटली. काकडीची सुरळी आहे, मुळ्याच्या लोणच्याची आहे, गोडसर शिजवलेल्या दुधीच्या पट्ट्यांची आहे. एका पुणेकर कुटुंबासाठी ताइशो दुधी शिजवताना माशाचं पाणी टाळून फक्त समुद्री शेवाळाचं पाणी वापरतात. त्या घरातली छोटी मुलगी त्यांना जपानीत आजोबा म्हणते आणि काउंटरवरची कडेची खुर्ची आपली समजते. शेजार असा घडतो. सण-उत्सवांच्या मांडवात एकमेकांना नमस्कार करून तो घडत नाही.

आता समुद्राबद्दल. कासाईचा किनारा एके काळी दुकानापासून जवळच होता. उथळ, गाळाचा, शिंपल्यांनी भरलेला. हिवाळ्यात पाण्यात बांबू रोवून इथे नोरीची, म्हणजे सुशीभोवती गुंडाळायच्या शेवाळाची, शेती चाले. गावाच्या अंगणांत त्या शेवाळाचे पातळ कागद उन्हात वाळत. कारखान्यांचं सांडपाणी वाढलं, बंदरासाठी खाडी बुजवायचं ठरलं आणि 1962 मध्ये टोकियोच्या खाडीतल्या कोळ्यांनी भरपाई घेऊन मासेमारीचे हक्क सोडले. स्थानकाच्या दक्षिणेकडची सेइशिन-चो, रिनकाई-चो ही भरावाची जमीन. माझ्या भाचीचं घर याच भरावावर आहे. आज ताइशोंची नोरी क्यूशूच्या आरिआके खाडीतून येते आणि मासे तोयोसूच्या बाजारातून. त्सुकिजीचा जुना बाजार 2018च्या ऑक्टोबरमध्ये तिथे हलला. खाडीतला शाको नावाचा, कोळंबीसारखा दिसणारा जीव पूर्वी त्यांच्या पेटीत नेहमी असे. आता त्याची पट्टी बहुधा उलटीच असते.

त्याच 2018च्या ऑक्टोबरमध्ये कासाईच्या सागरी उद्यानाला रामसर पाणथळ क्षेत्राचा दर्जा मिळाला, टोकियोत पहिल्यांदाच. किनाऱ्यावरच्या पक्ष्यांचं रक्षण होऊ लागलं, याचा आनंद आहे. पण किनाऱ्याच्या ज्ञानालाही असा दर्जा असायला हवा होता. मीठ किती वेळ, व्हिनेगर किती वेळ, हे कोणत्याही यादीत बसत नाही. जपानी अन्नसंस्कृतीला 2013 मध्ये युनेस्कोची मान्यता मिळाली, तरी गल्लीतल्या सुशीवाल्याला शिकाऊ पोरगा मिळत नाही. ताइशोंकडे शेवटचा शिकाऊ पोरगा काम सोडून साखळी-दुकानात गेला. तिथे कामाचे तास ठरलेले आहेत, पगार वेळेवर आहे. त्याला दोष कसा देणार?

निशी-कासाईला जाणं सोपं आहे. ओतेमाचीहून मेट्रोनं पंधरा-वीस मिनिटं लागतात, फक्त सकाळची गर्दी टाळा. स्थानकाभोवतीच्या कोणत्याही मागच्या गल्लीत कापडी पडदा शोधा. या भागात अशी काही दुकानं अजून तग धरून आहेत. दुपारचा साधा थाळा हजार-दीड हजार येनात मिळतो. हातानं खाल्लं तरी चालतं. सोया सॉस भाताला नको, माशाच्या बाजूला लावा. कोहादा आहे का, एवढं विचारा. तुम्ही कोहादा मागितलात, की काउंटरपलीकडच्या माणसाला कळतं, हे गिऱ्हाईक माझं काम पाहायला आलं आहे. तिथे राहणाऱ्या आपल्या मंडळींना तर माझं आग्रहाचं सांगणं आहे. दिवाळीचा फराळ जसा शेजाऱ्यांकडे नेता, तसं पोराच्या वाढदिवसाला एकदा या काउंटरवर जाऊन बसा. असं दुकान रोजच्या गिऱ्हाइकावर चालतं, आणि तुम्ही त्याच गल्लीत राहता.