शिसें गेलें, पण पेट्रोल निर्धोक झालें काय ?

पेट्रोलपंपावर ९१, ९५, १०० असे आंकडे ऐकूं येतात. आंकडा जितका मोठा तितकें पेट्रोल जोरदार, अशी समजूत आमच्या शेतकरी बंधूंत सर्वत्र आहे. दुसरी समजूत अशी कीं, हल्लींच्या पेट्रोलांत शिसें नाहीं, तेव्हां त्यापासून प्रकृतीस अपाय नाहीं. ह्या दोन्ही समजुती चुकीच्या असून दुसरी तर घातक आहे. फवारणीचें यंत्र, गवत कापण्याचें यंत्र व मोटारसायकल ह्यांच्यामुळें पेट्रोलाचा डबा आतां पुष्कळ घरांत आला आहे. सबब ह्या विषयाची हकीकत थोडी विस्तारानें देत आहों.

प्रथम ऑक्टेन म्हणजे काय तें पाहूं. इंजिनाच्या नळकांड्यांत हवा व पेट्रोलाची वाफ ह्यांचें मिश्रण दट्ट्यानें दाबलें जातें आणि मग ठिणगीनें पेटतें. ज्योत एका बाजूकडून दुसरीकडे क्रमानें पसरावी, अशी योजना असते. पेट्रोल हलक्या प्रतीचें असल्यास ज्योत पोंचण्यापूर्वींच उरलेलें मिश्रण उष्णतेनें व दाबानें आपोआप भडकतें, व इंजिनांतून टकटक असा आवाज येऊं लागतो. असें फार दिवस चाललें तर दट्ट्या खराब होतो. हें अवेळीं भडकणें जें पेट्रोल अधिक टाळतें त्याचा ऑक्टेन आंकडा मोठा. आयसो-ऑक्टेन ह्या द्रवास १०० व हेप्टेन ह्या द्रवास ० धरून ही मोजणी बसविलेली आहे. म्हणजे हा कस दाब सोसण्याचा आहे, जोराचा नव्हे. ज्या इंजिनाची घडण ९१ करितां आहे त्यांत १०० चें पेट्रोल घालणें म्हणजे जिरायत जमिनीचा बागायती सारा भरणें होय. पैसा जातो, पीक वाढत नाहीं. उलट पेट्रोलांत रॉकेल मिसळलें कीं हा आंकडा खालीं येतो, हें मात्र भेसळ करणारा सांगत नाहीं.

हा आंकडा स्वस्तांत वाढविण्याचा उपाय ९ डिसेंबर १९२१ रोजीं अमेरिकेंतील डेटन शहरीं थॉमस मिडग्ले ह्यांस सांपडला. तो म्हणजे टेट्राएथिल लेड हें शिशाचें संयुग. मद्यार्कानेंही हेंच काम होतें, हें त्या मंडळींस ठाऊक होतें. परंतु मद्यार्क कोणीही गाळूं शकतो, त्याच्या मिश्रणावर एकट्याची मक्तेदारी बसत नाहीं. पुढें ऑक्टोबर १९२४ मध्यें न्यू जर्सींतील बेवे येथील कारखान्यांत हें द्रव्य तयार करतांना पांच कामगार भ्रमिष्ट होऊन मरण पावले. अ‍ॅलिस हॅमिल्टन व यँडेल हेंडरसन ह्या तज्ज्ञांनीं १९२५ सालच्या वॉशिंग्टन येथील परिषदेंत स्पष्ट इशारा दिला. विक्री कांहीं काळ थांबली, आणि १९२६ मध्यें पुन्हां सुरू झाली. त्यापुढें अर्धें शतक जगांतील रस्त्यांवर शिसें उडत राहिलें. मुलांच्या मेंदूस त्याचा अपाय सर्वांत अधिक. अमेरिकेंत पेट्रोलांतील शिसें कमी होत गेलें तसें १९७६ ते १९८० ह्या अवघ्या चार वर्षांत लोकांच्या रक्तांतील शिशाचें सरासरी प्रमाण एकतृतीयांशाहून अधिक उतरलें. आपल्या देशांत १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत व १ फेब्रुवारी २००० पासून सर्वत्र शिशाविरहित पेट्रोल आलें. मोटारींसाठीं शिशाचें पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया. तेथेंही तें २०२१ च्या जुलैंत बंद झालें.

आतां मुद्द्याची गोष्ट. शिसें काढलें तरी इंजिनास ऑक्टेन हवाच. तो भरून काढण्यासाठीं शुद्धीकरणाच्या कारखान्यांत बेन्झिन, टोल्युइन, झायलीन ह्या वर्गाचीं द्रव्यें पेट्रोलांत वाढविण्यांत आलीं. पैकीं बेन्झिन हें सर्वांत वाईट. दीर्घकाळ अंगीं लागल्यास तें हाडांतील मज्जेवर घाला घालतें व त्यापासून रक्ताचा कर्करोग होतो, हें निर्विवाद सिद्ध झालेलें आहे. म्हणून १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या मानकानें पेट्रोलांत बेन्झिन शेंकडा १ हून अधिक नसावें असें ठरविलें आहे. मर्यादा चांगली आहे. पण शेंकडा १ म्हणजे शून्य नव्हे. शिवाय नव्या मोटारींच्या धुराच्या नळींत प्लॅटिनम वगैरे धातूंचें शोधक यंत्र असतें व तें बेन्झिनाचा पुष्कळसा नाश करतें. (शिशानें हें यंत्र निकामी होतें, शिसें जाण्याचें हेंही एक मोठें कारण.) पाठीवरच्या फवारणी यंत्रास असें कांहीं सहसा नसतें. त्याचा धूर, त्यांतील न जळलेल्या पेट्रोलासह, थेट चालविणाऱ्याच्या नाकातोंडाशीं येतो.

ह्यावरून वहिवाट बदलणें अगत्याचें आहे. दौऱ्यावर असतांना मोटारसायकलींतून रबरी नळीनें, तोंडानें ओढून पेट्रोल काढणारे लोक आम्हीं कितीतरी पाहिले. सन २००० पूर्वीं तर तें शिशाचें होतें! पेट्रोल घशांतून फुप्फुसांत उतरल्यास माणूस दगावूं शकतो. कोणी गिळलेंच तर त्यास ओकविण्याचा प्रयत्न न करतां तात्काळ डॉक्टरकडे न्यावें. हातपंप मिळतो, तो घ्यावा. ग्रीस लागलेले हात पेट्रोलानें धुणें सोडावें. त्यास साबण व भुसा पुरे. डबा झोंपण्याच्या खोलींत, धान्याच्या कणगीजवळ किंवा चुलीच्या खोलींत ठेवूं नये, कारण त्याची वाफ हवेहून जड असल्यामुळें जमिनीलगत पसरते. आणि पेट्रोलाचा पंप विहिरींत उतरवून कधींही चालवूं नये. त्याच्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइड वायूस वास नसतो, व तो माणसास ओरडण्याचीही सवड देत नाहीं.

राहिली इथेनॉलाची गोष्ट. शंभर वर्षांपूर्वीं बाजूस सारलेला मद्यार्क आतां आमच्याच उसांतून व मळींतून पेट्रोलांत येऊन बसला आहे. त्याचा ऑक्टेन सुमारे १०८, म्हणून २० टक्के मिश्रणाचें मानक ९५ ठेवतां आलें आणि बेन्झिनाच्या वर्गावरची भिस्त तितकी कमी झाली. उंसाच्या दरासंबंधीं त्याचा हिशेब निराळा आहे. तो येथें काढीत नाहीं. परंतु इथेनॉल पाणी ओढून घेतें. अर्धवट भरलेला, सैल झांकणाचा डबा पावसाळ्यांत तसाच राहिला तर पाणी व इथेनॉल एकत्र होऊन तळाशीं बसतात आणि वर राहिलेल्या पेट्रोलाचा ऑक्टेन उतरतो. मग यंत्र सुरू होत नाहीं, व दोष दुकानदारास दिला जातो. हंगाम संपतांच यंत्राची टांकी रिकामी करावी, आणि उरलेलें, तेल न मिसळलेलें पेट्रोल मोटारसायकलींत त्याच आठवड्यांत वापरून टाकावें.