खिडकीतली झाडं, बाकाशेजारचा मोगरा

पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या 46 रुग्णांच्या नोंदी संशोधक रॉजर उलरिक यांनी तपासल्या. निम्म्यांच्या खिडकीबाहेर झाडं होती, निम्म्यांच्या बाहेर विटांची भिंत. झाडं दिसणारे रुग्ण सरासरी लवकर घरी गेले, त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. 1984 मध्ये 'सायन्स'मध्ये आलेल्या या अभ्यासानं रुग्णालयांच्या बागांकडे बघण्याची दृष्टीच बदलली.

पण बाग केवळ डोळ्यांसाठी नसते. बाकीच्या संवेदना मेंदूत थॅलॅमस या केंद्रातून पुढे जातात. गंधाचे संदेश मात्र तो टप्पा टाळून भावना आणि आठवणींशी जोडलेल्या भागांपर्यंत पोचतात. म्हणून रातराणीच्या एका झुळकीनं आजोळ आठवतं. स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठीच्या बागांत ओळखीची सुगंधी झाडं लावतात, ती यासाठीच. तिथली पायवाट वळसा घेऊन पुन्हा दाराशीच येते, कारण वाट मध्येच संपली की ही माणसं गोंधळतात, घाबरतात. वाफेही उंचावलेले, म्हणजे चाकाच्या खुर्चीतून पानांना हात लावता येतो. किती माणुसकीचा विचार!

आपल्या सोसायट्यांच्या बागा बहुधा लांबून बघण्यापुरत्याच असतात. 'हिरवळीवर चालू नये' ही पाटी आधी काढा, आणि बाकाशेजारी मोगरा लावा.