निवडक गाण्यांचा संच घ्यावा का?

दिवाळीच्या खरेदीची यादी करायला घरची मंडळी बसली, की कपडे, फराळाचे सामान, पणत्या, आकाशकंदील ही कलमे बिनबोभाट मंजूर होतात. गाडी अडते ती वडीलधाऱ्यांना काय द्यावे या कलमापाशी. त्यांना धोतर-लुगडे नको असते, मिठाईला डॉक्टरांची मनाई असते आणि 'मला काही नको' हे उत्तर ठरलेले असते. अशा वेळी सूनबाई म्हणतात, "मामंजींना जुन्या गाण्यांचा एखादा संच देऊ या." त्यावर घरातला एखादा रसिक लगेच उसळतो, "निवडक गाणी? म्हणजे दुसऱ्याच्या आवडीचे उष्टे! त्याला का पैसे मोजायचे?"

प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. एखाद्या गायकाची किंवा कवीची सगळी कमाई बाजूला ठेवून तिच्यातले दहा-बारा दाणे कोणी तिसऱ्यानेच वेचावेत आणि आपण ते विकत घ्यावेत, यात फायदा किती आणि तोटा किती?

माझ्यासारख्या मराठीच्या प्राध्यापकाला 'निवडक' या शब्दाला नाक मुरडण्याचा अधिकार नाही. आमचा सारा संसारच वेच्यांवर चाललेला आहे. परशुरामतात्या गोडबोले यांनी १८५४ साली जुन्या मराठी कवितेचे वेचे निवडून 'नवनीत' प्रसिद्ध केले आणि पुढे कितीतरी पिढ्यांना मोरोपंत आणि वामन पंडित भेटले ते याच पुस्तकात. तात्यांनी नावही किती समर्पक दिले! ताक घुसळण्याचे कष्ट त्यांनी घेतले आणि लोण्याचा गोळा आपल्या हातावर ठेवला. मात्र लोणी काढणारा हात कोणाचा, यावर सगळे अवलंबून असते. कुसुमाग्रजांच्या निवडक कवितांचा 'रसयात्रा' हा संग्रह १९६९ मध्ये निघाला, तेव्हा निवड करणाऱ्यांत शंकर वैद्यांबरोबर बा. भ. बोरकर होते; आणि १९७२ मध्ये बोरकरांच्या निवडक कवितांचा 'चांदणवेल' निघाला, तेव्हा गो. म. कुलकर्ण्यांबरोबर कुसुमाग्रज होते. एका कवीने दुसऱ्याच्या बागेतली फुले खुडावी आणि दुसऱ्याने त्याची परतफेड करावी, असा हा व्यवहार. अशा निवडीला उष्टे म्हणण्याची छाती कोणाला होईल?

आता गाण्यांकडे वळू. जुन्या लाखेच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटांचे गाणे मावत असे. दर मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणारी ती तबकडी. गाणे संपले की ती उलटायची, सुई बदलायची आणि यंत्राला पुन्हा किल्ली द्यायची. म्हणजे त्या काळी प्रत्येक गाणे सुटेच विकत मिळे आणि निवड गिऱ्हाइकाची असे. १९४८ साली अमेरिकेत लांब चालणारी तबकडी आली. तिच्या एका बाजूवर वीसेक मिनिटांचे संगीत राहू लागले आणि मग कंपन्यांच्या ध्यानात आले, की जुनी गाजलेली डझनभर गाणी एकत्र बांधून नव्याने विकता येतात. १९५८ साली जॉनी मॅथिस या अमेरिकन गायकाच्या गाजलेल्या गाण्यांचा असा संच निघाला. या प्रकारातला तो पहिला, असे पुष्कळ जण मानतात. तेव्हापासून ही गंगा अखंड वाहते आहे.

या व्यवहारात कलावंताला काय वाटते? आजची कॉलेजातली मुले कानठळ्या बसविणारे 'मेटल' नावाचे संगीत ऐकतात. त्या गोटात नेहमी घेतले जाणारे मोटरहेड हे ब्रिटिश वाद्यवृंदाचे नाव मला वर्गातल्या मुलांनीच सांगितले. १९८४ साली त्यांच्या कंपनीने निवडक गाण्यांचा संच काढायचे ठरविले. तेव्हा वाद्यवृंदाचा प्रमुख लेमी याने गाणी स्वतः निवडण्याचा हट्ट धरला आणि शिवाय चार कोरी गाणी त्यात घातली. संगीत आपल्या कानाला मानवो न मानवो, त्यांचे म्हणणे पटण्यासारखे आहे. निवडक संच म्हणजे कलावंताचे श्राद्ध नव्हे, एवढेच त्यांना सांगायचे होते!

आमच्या बुलढाणा जिल्ह्याने मात्र या प्रश्नाची दोन्ही टोके एकाच गाण्यात पाहिली आहेत. ना. घ. देशपांडे हे मेहकरचे कवी. पैनगंगेच्या काठच्या या गावी वकिली करता करता त्यांनी कविता लिहिली. त्यांची 'शीळ' ही कविता जी. एन. जोशी यांनी चाल लावून गायिली आणि १९३२ च्या सुमारास तिची ध्वनिमुद्रिका निघाली. गायकही परका नव्हे. तो याच जिल्ह्यातल्या खामगावचा, आणि कवी व गायक दोघांचाही जन्म १९०९ सालचा. मेहकर आणि खामगाव यांच्या या युतीने मराठी भावगीताची वाट रुळविली. मेहकरला आजही आगगाडी जात नाही. पण मेहकरच्या वकिलाची शीळ लाखेच्या तबकडीवर बसून मुंबई-पुण्याच्या दिवाणखान्यांत पोचली. जोशी पुढे एचएमव्ही कंपनीतच अधिकारी झाले, थोरामोठ्यांचे गाणे त्यांनी मुद्रित करून ठेवले, आणि शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया व ब्रिजभूषण काब्रा यांची १९६७ मधली 'कॉल ऑफ द व्हॅली' ही विख्यात ध्वनिमुद्रिकाही त्यांच्याच पुढाकाराने निघाली.

ही झाली जमेची बाजू. आता खर्चाची पाहा. गाणे घराघरांत गेले १९३२ च्या आसपास. आणि कवीचा 'शीळ' हा पहिला संग्रह निघाला तो १९५४ साली! मधली वीसबावीस वर्षे बहुतेक महाराष्ट्राच्या दृष्टीने ना. घ. देशपांडे म्हणजे तीन मिनिटे. त्यानंतर १९६३ मध्ये 'अभिसार' आला, १९८५ मध्ये 'खूणगाठ' आली आणि तिला १९८६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मेहकरच्या कंचनीच्या महालावर त्यांनी दीर्घ कविता लिहिली. ती कोणत्या तबकडीत मावणार? १९९६ मध्ये 'गुंफण' निघाला. २००० साली, वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षी, कवी गेले. एवढी दीर्घ वाटचाल. पण लोकांच्या तोंडी बिरुद राहिले 'शीळकार'. मी वर्गात विचारले, तर आजीच्या तोंडून 'शीळ' ऐकलेली मुले दोन-चार निघतात. 'खूणगाठ' हातात धरलेले एकही निघत नाही. आणि ही मुले याच जिल्ह्यातली! निवडीने कवीला तारले हे खरे, पण त्याच निवडीने त्याला एका ओळखीत कोंडून ठेवले हेही तितकेच खरे.

म्हणून संच घेताना गिऱ्हाइकाने चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, वेष्टनावर प्रत्येक गाण्यापुढे गायकाबरोबर कवीचे आणि संगीतकाराचे नाव आहे काय? जिथे नुसते गायकाचे नाव असते, तिथे अर्धे गाणे चोरीला गेले असे समजावे. दुसरी, आवाज मूळचा आहे काय? कॅसेटच्या जमान्यात, विशेषतः १९८० नंतर, गाजलेली गाणी दुसऱ्या गळ्यांतून पुन्हा गाऊन घेऊन स्वस्तात विकण्याचा धंदा फोफावला. ती गाणी आजही जुन्या नावाने फिरतात. तिसरी, साल दिले आहे काय? साल नसले की १९३२ चे आणि १९७२ चे गाणे एकाच ताटात येऊन पडते आणि ऐकणाऱ्याला गाण्याचा प्रवास कळत नाही. चौथी, घरात आधीच काय आहे? बारांपैकी नऊ गाणी असतील, तर तिघांसाठी बारांचे मोल देणे हा शहाणपणा नव्हे.

एक गोष्ट किंमतीबद्दल. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणावरचा हक्क साठ वर्षांनी संपतो. त्यामुळे फार जुनी गाणी कोणीही बाजारात आणू शकतो, असे संच स्वस्त पडतात आणि त्यांत निष्काळजीपणाही फार असतो. कवितेवरचा हक्क मात्र कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो, हे ध्यानात ठेवावे.

"पण आता सगळे फोनवर मिळते, मग संच कशाला?" असे तरुण विचारतील. त्याचे उत्तर आमच्या शेजारच्या निवृत्त गुरुजींनी दिले. २०१७ साली सारेगामा कंपनीने कारवाँ नावाची रेडिओसारखी पेटी आणली. पाच हजार गाणी आत भरलेली आणि बटण फिरवले की चालू. त्यांच्या मुलाने पुण्याहून ती पाठविली.

"गुरुजी, पाच हजार गाणी ऐकता तरी केव्हा?" मी विचारले.

"ऐकतो कुठे सर? मला साठ-सत्तरच लागतात. पण फोनवर ती शोधायची तर नातवाला हाक मारावी लागते. इथे कोणाचे मिंधे व्हावे लागत नाही."

पैसे कशाचे मोजायचे, ते गुरुजींनी एका वाक्यात सांगितले. म्हाताऱ्या माणसाला गाण्याइतकेच स्वावलंबन गोड असते.

तेव्हा माझा कौल असा. वडीलधाऱ्यांसाठी संच जरूर घ्यावा. नव्या ऐकणाऱ्याला गायकाची पहिली ओळख करून द्यायची असेल, तरीही घ्यावा. ज्याच्याकडे मूळ ध्वनिमुद्रिका आहेत आणि ज्याला त्यांचा क्रम पाठ आहे, त्याने खुशाल पैसे वाचवावेत. मात्र संच घेणाऱ्याने यादीत आणखी एक कलम घालावे. त्यातले जे गाणे घरात सर्वांत आवडेल, त्याच्या कवीचा एक अख्खा संग्रह त्याच दिवाळीत आणावा. 'शीळ' आवडली तर 'खूणगाठ' आणावी. दुकानात नसेल, तर गावच्या वाचनालयात मागावी. मागणारा कोणी आहे हे कळले, तरच ती कपाटातून बाहेर येईल.

लोणी मिळाले म्हणून गाय दुसऱ्याच्या दावणीला सोडून देऊ नये, इतकेच.