सायकल जड का लागते?

आपल्या शेजारच्या बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 साली सायकलचं दुकान काढलं. म्हणजे सायकल आपल्या मुलखाला नवी नाही. तरी गटाच्या बैठकीत आम्हाला एक तक्रार हमखास ऐकू येते, "सायकल हाय, पण लई जड लागती." मग ती पडवीत धूळ खाते, लेकीची शाळा एसटीच्या वेळेवर चालते आणि बाजाराला जायचं तर दुसऱ्याच्या गाडीची वाट बघावी लागते. म्हणून आज या जडपणाचा हिशोब मांडू.

साधी लोखंडी लेडीज सायकल अंदाजे 20 किलोची धरा, चालवणारी 50 किलोची. झाले 70 किलो. त्याऐवजी 14 किलोची हलकी सायकल घेतली, तर 64. पन्हाळ्याच्या चढाला सगळं वजन वर ओढायचं असतं, तिथं हा फरक मांड्यांना कळतो. तरी कष्ट वाचतात ते बाराव्या हिश्श्याएवढेच. शिरोळ, हातकणंगल्याकडच्या सपाट रस्त्याला तर एकदा वेग धरला की वजन फारसं जाणवत नाही. तिथं अडवतो वारा आणि चाकातली कमी हवा.

म्हणून पैसे खर्च करण्याआधी घरातलीच सायकल तपासा.

टायर अंगठ्यानं दाबा. सहज दबला तर हवा भरा. चाक उचलून फिरवा. लगेच थांबलं तर बहुधा ब्रेकचं रबर रिमला घासतंय. चेन फडक्यानं पुसा, थेंब थेंब तेल सोडा आणि वरचं तेल पुसून घ्या, नाहीतर धूळ चिकटते.

आता सीट. पायडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवली, तर पाय सरळ व्हायला हवा. मग चवड्यानं पायडल मारताना गुडघा किंचितच वाकतो. सीट फार खाली असली की मांड्या भरून येतात आणि बोल लागतो सायकलच्या वजनाला. पाय टेकणार नाहीत अशी भीती वाटत असेल, तर सीट रोज बोटभर वर घ्या. दांडीवरच्या खुणेच्या वर मात्र काढू नका.

दुधाचा कॅन हँडलला अडकवू नका, सायकल झोके खाते. ओझं कॅरिअरला दोन्ही बाजूंनी सारखं आणि शक्य तितकं खाली बांधा.

नवी घ्यायचीच असेल, तर दुकानात नुसती उचलून ठरवू नका. जिला चालवायची तिलाच बसवा, एक फेरी मारू द्या. गाव चढावर असेल तर गिअरची बघा. गिअर वजन कमी करत नाही, पण चढ पायाला सोपा करतो.

सायकल हलकी पळायला लागली की कामापुरतीच बाहेर निघत नाही. लेक मग मैत्रिणीकडेही सायकलनंच जाते, आणि आईही एक फेरी मारून बघते. पुढच्या बैठकीला येताना गटातल्या सायकली घेऊनच या. एक पंप आणि तेलाची एक बाटली पुरेशी आहे.