बुरख्याआडचे जोडतारे

पावसाळा सरला की सह्याद्रीतल्या एखाद्या गडावरून, अमावास्येच्या रात्री, देवयानी दीर्घिका नुसत्या डोळ्यांनी दिसते. कापसाचा फिकट बोळा जणू. अंतर सुमारे 25 लाख प्रकाशवर्षं. त्या बोळ्यात असे जोडतारे आहेत, ज्यांत न्यूट्रॉन तारा किंवा कृष्णविवर जोडीदाराचं द्रव्य ओढून घेतं. आत कोसळताना ते द्रव्य प्रचंड तापतं आणि क्ष-किरण बाहेर पडतात.

काही जोड्या मात्र बुरखा घेऊन बसतात. जोडीदार ताऱ्याचा दाट वारा त्यांना गुरफटून टाकतो. आपल्याच आकाशगंगेतला असा एक जोडतारा 2003 साली इंटिग्रल उपग्रहाला सापडला. मृदू, म्हणजे कमी ऊर्जेचे, क्ष-किरण वाटेतच गिळले गेलेले, जास्त ऊर्जेचे कठीण किरण तेवढे निसटलेले.

शेजारच्या दीर्घिकेत असे लपलेले शोधायचे, तर कठीण किरण मोजून भागत नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडलेलं, अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रहावरचं लॅक्सपीसी हे उपकरण 80 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंतचे किरण टिपतं. पण त्याला आरसा नाही. एकेका ताऱ्याची जागा सांगायला किरण एकवटावे लागतात.

ते काम नूस्टार करते. 13 जून 2012 रोजी विमानातून सोडलेल्या पेगासस रॉकेटने ही दुर्बीण अवकाशात गेली. क्ष-किरण आरशावर थेट आदळले तर परततच नाहीत, अगदी तिरके घासून गेले तरच वळतात. म्हणून कागदासारखी पातळ, 0.2 मिलिमीटरची काच भट्टीत तापवून साच्यावर वाकवली. तिच्यावर टंगस्टन-सिलिकॉन किंवा प्लॅटिनम-कार्बन यांचे अतिसूक्ष्म थर चढवले आणि कांद्याच्या पाकळ्यांसारखी 133 कवचं एकात एक बसवली. अशा दोन जुड्या. त्यांच्यापासून शोधकापर्यंतचं अंतर 10 मीटर. रॉकेटमध्ये तेवढी लांबी मावेना, म्हणून घडी करून ठेवलेला खांब कक्षेत गेल्यावर 26 मिनिटांत उलगडला. उन्हासावलीत तो किंचित वाकतो. ते वाकणं लेझरने मोजून चित्र दुरुस्त करतात.

2016 च्या जानेवारीत नूस्टारने केलेलं देवयानीतल्या 40 जोडताऱ्यांचं निरीक्षण जाहीर झालं. प्रत्येक ठिपक्याचे मृदू, मध्यम आणि कठीण किरण वेगवेगळे मोजायचे, मग त्यांची गुणोत्तरं मांडायची. न्यूट्रॉन तारे एका बाजूला जमतात, कृष्णविवरं दुसऱ्या. बुरख्याची खूण मात्र आलेल्या किरणांत नसते, न आलेल्यांत असते. मृदू किरण किती गळाले, यावरून पडद्याची जाडी काढतात. त्या पडद्यातलं लोखंड 6.4 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला चमकलं, तर पुरावा पक्का.

खरी पंचाईत तोतयांची. देवयानीच्या कितीतरी पलीकडे, धुळीत दडलेलं एखाद्या दीर्घिकेचं केंद्रही असंच दिसतं. तेव्हा 'चंद्रा' या क्ष-किरण दुर्बिणीच्या तीक्ष्ण नजरेने जागा नेमकी करायची आणि हबलच्या छायाचित्रात तिथे निळा तारा आहे की धूसर दीर्घिका, ते पाहायचं. कधी त्या जागी दोन्ही असतात. मग नावापुढे 'संभाव्य' लिहून पुढच्या ठिपक्याकडे वळायचं.