डार्विनचं अंगण

बीगल जहाजातून पाच वर्षं जग पालथं घालून चार्ल्स डार्विन 1836 मध्ये इंग्लंडला परतला, तो पुन्हा कधीच देशाबाहेर गेला नाही. 1842 मध्ये त्याने लंडनजवळ केंट परगण्यात घर घेतलं आणि 1882 मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिला. ते ‘डाउन हाउस’ आज कुणालाही पाहता येतं. अभ्यासिकेत त्याची चाकं लावलेली खुर्ची आहे. तिच्या हातांवर आडवी फळी टाकून तो लिहायचा. लोक तिथे रेंगाळतात, आणि रेंगाळावंच. पण मला विचाराल तर खरं नवल बाहेर, अंगणात आहे.

तिथे त्याने तीन फूट लांब, दोन फूट रुंद एवढीच जागा खणून मोकळी केली. मग उगवणाऱ्या तणाच्या प्रत्येक रोपावर खूण करत गेला. 357 रोपं उगवली. त्यांतली 295 मेली, बहुतेक गोगलगायी आणि किड्यांच्या तोंडी गेली. जगण्याची झुंज किती भयंकर असते, याचा हा हिशेब 1859 च्या त्याच्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या पुस्तकात आला. त्यासाठी गॅलापागोसची दूरची बेटं लागली नाहीत, परसातला एक वाफा पुरला!

आणि गांडुळं! हिरवळीवर मधोमध भोक असलेला एक चपटा गोल दगड दिसतो. भोकातून धातूची दांडी जमिनीत खोलवर ठोकलेली. गांडुळं खालची माती वर आणून टाकतात, त्यामुळे दगड हळूहळू खचतो. दांडी मात्र जागची हलत नाही. दोहोंतला फरक मोजला की गांडुळांचं काम कळतं: वर्षाला जेमतेम दोन मिलिमीटर.

घरात कुंड्यांमध्येही गांडुळं पाळली होती. मुलाने त्यांच्याजवळ बासून हे खर्जातलं सुषिरवाद्य वाजवलं, बायको एमाने पियानो वाजवला. गांडुळं ढिम्म! मग कुंडी पियानोवरच ठेवून स्वर वाजवला, तशी ती झटकन बिळात शिरली. त्यांना ऐकू येत नाही, कंपनं मात्र जाणवतात. सगळं घर या कामाला जुंपलेलं पाहून मी हरखून जातो.

गांडुळांवरचा पहिला निबंध डार्विनने 1837 मध्ये वाचला होता. त्यांच्यावरचं पुस्तक आलं 1881 मध्ये, मृत्यूच्या सहा महिने आधी.